राष्ट्रपती होण्याआधीचे झाकिर साहेब : लहान मुलांचा उस्ताद

डॉ. झाकिर हुसेन म्हटले की आपल्या मुलांना काय आठवते? देशाचे तिसरे राष्ट्रपती, पहिले मुस्लिम राष्ट्रपती, भारतरत्न. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातला एका मार्काचा प्रश्न. उत्तर पाठ केले की विषय संपला.

पण हिशेब करून बघा. राष्ट्रपतीपदावर ते पुरती दोन वर्षेही नव्हते. त्याआधी तब्बल बावीस वर्षे हा माणूस दिल्लीतल्या एका कंगाल संस्थेचा प्रमुख होता. पगार कधी मिळायचा, कधी नाही. पदवी बर्लिन विद्यापीठाची होती, पण जीव रमायचा पहिली-दुसरीच्या मुलांत. कोणी काम विचारले तर ते स्वतःला आधी मुअल्लिम, म्हणजे शिक्षक म्हणवून घेत.

आज त्यांच्याबद्दल लिहायचे कारण आहे. आम्ही शिक्षक रोज ज्या वर्गात जातो, तिथे एका बाकावर घरी दखनी उर्दू बोलणारे मूल असते, शेजारी अहिराणी बोलणारे, मागे बंजारा तांड्यावरून आलेले. कोणाच्या डब्यात खिमा, कोणाच्या डब्यात झुणका, तर कोणाचा उपवास. सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यात काही वावगे वाटत नाही. वावगे वाटायला त्यांना मोठी माणसे शिकवतात. हल्ली हे शिकवणे फार लवकर सुरू होते, मोबाइलमुळे तर घरबसल्या होते. अशा वेळी वर्गात उभे राहून नेमके काय करायचे, हा प्रश्न आम्हाला पडतो. झाकिर साहेबांसमोर तो यापेक्षा कठीण काळात उभा होता.

यतीम मुलाची तालीम

झाकिर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादला झाला. घराणे पठाणांचे, मूळ गाव उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातले कायमगंज. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करायचे. सात भावांत झाकिर तिसरे. ते दहा वर्षांचे असताना वडील गेले आणि कुटुंब कायमगंजला परतले. पुढे १९११ मध्ये प्लेगच्या साथीत आईचाही इंतकाल झाला. चौदा वर्षांचे पोर पोरके झाले.

शिक्षण इटावाच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये चालले होते. तिथले हेडमास्तर सय्यद अल्ताफ हुसेन यांची छाप त्यांच्यावर आयुष्यभर राहिली. यतीम मुलाच्या आयुष्यात शिक्षक काय असतो, हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही. पुढे शिक्षकांबद्दल ते जे बोलत, त्यात प्रेम हा शब्द पहिल्यांदा का येई आणि विद्वत्ता नंतर का येई, याचे मूळ इथे असावे असे आम्हाला वाटते.

१९१३ मध्ये ते अलीगढच्या एम.ए.ओ. कॉलेजात दाखल झाले. हुशार, हजरजबाबी, वादविवादात पुढे. सरळ मार्गाने गेले असते तर मोठी सरकारी नोकरी ठरलेलीच होती.

अलीगढ सोडले, जामिया उभी राहिली

ऑक्टोबर १९२० मध्ये गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. खिलाफत आणि असहकाराचे दिवस होते. सरकारी मदतीवर चालणारे शिक्षण सोडा, असे आवाहन त्यांनी विद्यार्थ्यांना केले. पुष्कळ मुलांनी हसण्यावारी नेले. तेवीस वर्षांचे झाकिर त्या वेळी शिकत होते आणि थोडेफार शिकवतही होते. त्यांनी कॉलेज सोडले.

पण नुसते सोडून भागत नाही, हे त्यांनी ओळखले. ही शाळा नको, तर मग कुठली हवी? ते साथीदारांसह दिल्लीला हकीम अजमल खान आणि डॉ. अन्सारी यांच्याकडे गेले. राष्ट्रीय संस्था काढा, आम्ही येतो, असा आग्रह धरला. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. सुरुवातीचे वर्ग तंबूत भरत.

या नावाबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. पुढे संस्था पैशांनी खचली तेव्हा काही हितचिंतकांनी सुचवले की नावातला इस्लामिया शब्द काढला तर हिंदू देणगीदार मोकळ्या हाताने देतील. याला विरोध केला तो गांधीजींनी. नाव बदलून मदत घ्यायची असेल तर आपल्याला या संस्थेत रस नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा मुद्दा आपण लक्षात ठेवू, कारण झाकिर साहेबांचा सगळा शिक्षणविचार याच्या अवतीभवती आहे. एकत्र यायचे म्हणून कोणी आपले नाव पुसायचे नसते.

बर्लिनमध्ये गालिबही, गांधीही

१९२२ मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पण तिथे त्यांनी डोळे उघडे ठेवून खूप काही पाहिले. संगीत ऐकले, चित्रे पाहिली, शाळा पाहिल्या. जर्मन शिक्षणतज्ज्ञ गेऑर्ग केर्शेनश्टाइनर यांच्या विचारांनी ते भारावून गेले. हाताने केलेल्या कामातून मूल शिकते, आणि मुलाचे मन त्याच्या ओळखीच्या संस्कृतीच्या दारातूनच उघडते, असा तो विचार होता.

बर्लिनमध्ये त्यांनी केलेली दोन कामे बघा. एक, तिथल्या कावियानी छापखान्यात त्यांनी दीवान-ए-गालिबची छोटी, देखणी आवृत्ती छापून घेतली. त्यासाठी खिळे जुळवण्याचे काम स्वतः शिकून घेतले. दोन, गांधीजींच्या विचारांची ओळख करून देणारे पुस्तक जर्मन भाषेत काढले. परक्या देशात गेलेला हा तरुण आपल्या उर्दूला विसरला नाही आणि आपल्या देशातल्या दुसऱ्या धर्माच्या माणसाचा विचार तिसऱ्यांच्या भाषेत सांगायलाही कचरला नाही. आजच्या भाषेत याला आंतरसांस्कृतिक समज म्हणतात. त्या वेळी याला असे नाव नव्हते.

इकडे खिलाफत चळवळ संपली आणि जामिया बंद पडायची वेळ आली. हकीम अजमल खान यांनी ती १९२५ मध्ये दिल्लीला, करोल बागेत आणली. झाकिर साहेबांनी कळवले की आम्ही येईपर्यंत बंद करू नका, आम्ही आयुष्य द्यायला तयार आहोत. १९२६ मध्ये ते परतले. सोबत आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब हे दोन मित्र होते. एकोणतीस वर्षांचे झाकिर जामियाचे प्रमुख झाले.

हकीम साहेबांचे १९२७ च्या अखेरीस निधन झाले आणि पैशांचा मुख्य झराच आटला. तेव्हा शिक्षकांनी एक करार केला. किमान वीस वर्षे जामिया सोडायची नाही आणि पगार दरमहा दीडशे रुपयांपेक्षा जास्त घ्यायचा नाही. प्रमुख असूनही झाकिर साहेब त्याहून बरेच कमी घेत, आणि तेही अनेकदा थकलेले असे.

सगळ्यात लहान मुलाच्या हातून पायाभरणी

आता आपल्या खऱ्या विषयाकडे येऊ. जामिया हे विद्यापीठ म्हणून प्रसिद्ध आहे. पण झाकिर साहेबांनी जीव ओतला तो तिथल्या प्राथमिक मदरशात. मदरसा म्हणजे इथे साधी शाळा, बरं का. अब्दुल गफ्फार मुधोली हे तिथले प्रमुख शिक्षक. त्यांनी प्रकल्प पद्धत आणली. मुलांची स्वतःची बँक, मुलांचे स्वतःचे दुकान, बाग. दुकानाचा हिशेब चुकला तर मुलांनीच शोधायचा. बेरीज-वजाबाकी त्यातच, भाषा त्यातच, आणि भांडण मिटवायचे शिक्षणही त्यातच.

१९३५ मध्ये ओखल्याला नवी जागा मिळाली. १ मार्च रोजी इमारतीची पायाभरणी होती. अशा वेळी आपल्याकडे काय होते ते सांगायला नको. कोणाला बोलवायचे, कोणाचे नाव कोनशिलेवर वर आणि कोणाचे खाली, यातच महिना जातो. झाकिर साहेबांनी पाया घालायला बोलावले शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याला. अब्दुल अजीज त्याचे नाव. त्याच काळात तुर्कस्तानच्या नामवंत लेखिका हालिदे अदीब जामियात व्याख्याने देत होत्या आणि त्यांच्या एका व्याख्यानाला अध्यक्ष म्हणून गांधीजी आले होते. एवढी मोठी माणसे आवारात वावरत असताना मान मिळाला तो लहान पोराला.

मुले मळके कपडे, धुळीचे बूट घालून येतात आणि सांगूनही ऐकत नाहीत, तेव्हा झाकिर साहेब एके दिवशी स्वतः पॉलिश आणि ब्रश घेऊन फाटकावर उभे राहिले, अशी आठवण जामियात आजही सांगतात. त्यानंतर मुलांना वेगळे सांगावे लागले नाही. हा प्रसंग शिस्तीचा म्हणून सांगितला जातो, पण आम्हाला त्यात दुसरे काही दिसते. ज्या समाजात बूट साफ करणारा हात कमी दर्जाचा मानला जातो, तिथे शाळेचा प्रमुख तो हात आपला करतो. मुले हे पाहतात आणि विसरत नाहीत.

दुसरा प्रसंग वाचताना आमच्या डोळ्यांत दर वेळी पाणी येते. प्राथमिक शाळेत कार्यक्रम होता आणि झाकिर साहेब मुलांना मिठाई वाटत होते. शिपायाने कानात येऊन सांगितले की घरी धाकटी मुलगी रैहाना फार आजारी आहे. ते वाटत राहिले. थोड्या वेळाने शिपाई पुन्हा आला. मुलगी गेली होती. चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. मुलांच्या आनंदाचा दिवस होता, तो त्यांनी मोडू दिला नाही. संस्थेची घंटा वाजली तेव्हाच बाकीच्यांना कळले.

पुढे त्यांनी लहान मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, त्या रुकय्या रैहाना या नावाने. गेलेल्या लेकीचे नाव त्यांनी असे जपले. जामियाच्या पयाम-ए-तालीम या मासिकातून मुलांच्या हाती अशा गोष्टी पडत. अब्बू खाँ की बकरी ही त्यांची कथा तर उर्दू शिकलेल्या कित्येक पिढ्यांना तोंडपाठ आहे. मालकाच्या प्रेमळ गोठ्यापेक्षा डोंगरावरची मोकळीक पसंत करणारी चांदनी नावाची शेळी, आणि लांडग्याशी रात्रभर झुंजणारी तिची शिंगे. मूळ कल्पना फ्रेंच लेखक दोदे यांच्या कथेवरून घेतलेली. फ्रान्समधली शेळी हिमालयाच्या पायथ्याशी, अल्मोड्याला आली आणि इतकी आपली झाली की ती परकी होती हे कोणाला आठवत नाही. लहान मुलांना दुसऱ्या देशाची ओळख अशी करून द्यायची असते.

आपाजान

जामियाच्या कब्रस्तानात एक कबर आहे, गेर्डा फिलिप्सबोर्न यांची. जर्मनीतल्या सुखवस्तू ज्यू घरातल्या या बाई. बर्लिनमध्ये झाकिर साहेब आणि त्यांच्या मित्रांशी ओळख झाली, आणि जामियाचे वेड लागले ते कायमचे. १९३३ च्या सुरुवातीला त्या दिल्लीला आल्या. त्याच महिन्यांत जर्मनीत हिटलर सत्तेवर येत होता.

मुस्लिम संस्थेत, उर्दू बोलणाऱ्या मुलांत, एक ज्यू जर्मन बाई. त्यांनी काम निवडले सगळ्यात छोट्या मुलांचे. वसतिगृहातल्या मुलांची स्वच्छता, आजारपण, खेळ, बालवर्ग. मुले त्यांना आपाजान म्हणत. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा जर्मन नागरिक म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांना नजरकैदेत टाकले. ज्या जर्मनीत त्यांना ज्यू म्हणून जागा नव्हती, त्याच जर्मनीच्या नावाने इथे त्यांना कैद झाली. सुटून त्या पुन्हा जामियातच आल्या. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. जामियातले लहान मुलांचे पाळणाघर आज त्यांच्या नावाने आहे.

झाकिर साहेबांनी आपल्या मुलांना ज्यू धर्मावर व्याख्यान दिले नाही. त्यांनी मुलांच्या आयुष्यात एक आपाजान आणली. गांधीजींचे पुत्र देवदास जामियात शिकवत होते, नातू रसिकही तिथे होता. जामियाची बहुसंख्य मुले मुस्लिम होती, पण हिंदू म्हणजे कोण, ख्रिस्ती म्हणजे कोण, हे त्यांना पुस्तकातल्या चित्रावरून ठरवावे लागले नाही. शिकवणाऱ्या, रागावणाऱ्या, ताप आल्यावर कपाळावर हात ठेवणाऱ्या माणसांवरून त्यांनी ते ठरवले.

वर्ध्याची परिषद

झाकिर साहेबांचे आपल्या महाराष्ट्राशी असलेले सर्वांत मोठे नाते वर्ध्याचे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद बोलावली. हस्तोद्योगातून शिक्षण, अशी त्यांची कल्पना होती. झाकिर साहेब उभे राहिले आणि भर सभेत त्यांनी मतभेद मांडले. ही कल्पना अगदी नवी नाही, जगभरचे शिक्षणतज्ज्ञ ती जाणतात, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. शाळेचा खर्च मुलांच्या कामातून काढायचा आग्रह धरला तर शिक्षक मुलांकडून मजुरी करून घेऊ लागेल, हा धोकाही दाखवला. सभा अवाक झाली. गांधीजींनी अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष केले ते झाकिर हुसेन यांनाच.

समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, ख्वाजा गुलामुस्सैयदैन होते, आर्यनायकम आणि आशादेवी होत्या. डिसेंबर १९३७ च्या सुरुवातीला अहवाल तयार झाला. सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना मोफत, सक्तीचे, मातृभाषेतून शिक्षण. रोजच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला. टकळी, चरखा, शेती, सुतारकाम.

या अहवालाबद्दल बोलताना सगळे चरख्यापाशी थांबतात. आम्हाला महत्त्वाचे वाटतात ते त्यातले सामाजिक अभ्यासाचे भाग. जगातल्या सर्व धर्मांबद्दल परस्पर आदर निर्माण करणे, हे उद्दिष्ट तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. लहान वर्गांसाठी दूरदूरच्या लोकांच्या जीवनाच्या गोष्टी सुचवल्या आहेत, त्यात अरबस्तानातला बदूही आहे आणि बर्फातला एस्किमोही. हिंदुस्तानी भाषेच्या प्रदेशात मुलांनी उर्दू आणि नागरी या दोन्ही लिप्या शिकाव्यात, शिक्षकालाही दोन्ही याव्यात, असे म्हटले आहे. दोन लिप्या म्हणजे दोन घरांच्या किल्ल्या. ज्याला शेजाऱ्याची पाटी वाचता येते, त्याला शेजाऱ्याबद्दल ऐकीव गोष्टींवर विसंबावे लागत नाही.

या कामासाठी झाकिर साहेबांनी दोन्हीकडचे बोल खाल्ले. मुस्लिम लीगने वर्धा योजनेवर कडाडून टीका केली. त्यात धार्मिक शिक्षण नाही, ही योजना मुस्लिम मुलांना आपल्या दीनपासून तोडेल, असे म्हटले गेले. आपल्याच लोकांनी झाकिर साहेबांना परके ठरवले. यातल्या सगळ्याच शंका खोट्या होत्या असे म्हणता येणार नाही. काही प्रांतांत शाळांच्या नावांपासून गाण्यांपर्यंत अशा गोष्टी होत होत्या की मुस्लिम पालकांना ती शाळा आपली वाटू नये. आदर म्हणजे दुसऱ्याला आपल्यासारखे करणे नव्हे, हे तिकडच्या कित्येकांच्या लक्षात आले नव्हते. झाकिर साहेबांनी टीकेला चिडून उत्तर दिले नाही. सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघाचे अध्यक्ष म्हणून ते कामाला लागले, आणि ओखल्यात आपल्या शाळेत दीनियातचा तासही घेतला जात राहिला. त्यांच्या लेखी यात विसंगती नव्हती. मुलाला आधी आपल्या घरचे पक्के द्यायचे. ज्याच्या घरात दिवा आहे तो शेजाऱ्याच्या दिव्याला घाबरत नाही.

आग विझवा, मग भांडा

नोव्हेंबर १९४६. जामियाचा रौप्यमहोत्सव. देशात दंगली पेटलेल्या. झाकिर साहेबांनी एक अशक्य गोष्ट केली. नेहरू आणि मौलाना आझाद, जीना आणि लियाकत अली या सगळ्यांना एका मंचावर बसवले. याच जीनांनी काही महिन्यांपूर्वी झाकिर साहेबांसारख्या राष्ट्रवादी मुस्लिमांबद्दल अत्यंत कडू भाषा वापरली होती. तरी निमंत्रण गेले आणि ते आले.

त्या दिवशी झाकिर साहेबांनी नेत्यांसमोर जे मांडले ते राजकारण नव्हते, शिक्षकाचे गाऱ्हाणे होते. आग कोणी लावली याचा वाद नंतर घाला, आधी ती विझवा, असा त्याचा आशय. माणसे जनावरांसारखी वागत असताना आम्ही शिक्षकांनी मुलांना माणुसकी कशी शिकवायची, निष्पाप मुलांचे रक्षण तरी कसे करायचे, हे त्यांनी विचारले. समोर देशाचे भवितव्य ठरवणारे बसले होते. आग विझली नाही.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४७ मध्ये, प्रवासात जालंधर स्टेशनवर ते स्वतः दंगलखोरांच्या तावडीत सापडले. जीव वाचवला तो एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने. दिल्लीत जामियाचे करोल बागेतले मकतबा, म्हणजे पुस्तकभांडार, जाळले गेले. वर्षानुवर्षे जमवलेली पुस्तके राख झाली. ओखल्यातल्या मुलांची खुशाली विचारायला गांधीजी स्वतः आले. झाकिर साहेबांचे काही जवळचे नातेवाईक पाकिस्तानला गेले. ते गेले नाहीत. त्यांनी जालंधरच्या जमावाची गोष्ट कमी सांगितली आणि वाचवणाऱ्यांची जास्त.

मकतबा पुन्हा उभे राहिले. मुंबईत जे.जे. हॉस्पिटलजवळच्या मकतबा जामियाच्या शाखेतून उर्दू पुस्तके घेतलेली माणसे आपल्या वाचकांत पुष्कळ असतील.

शेवटची वर्षे

१९४८ मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. फाळणीनंतर त्या विद्यापीठाकडे संशयाने पाहिले जात होते. १९५६ पर्यंत त्यांनी ते सावरले. मग बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. पदग्रहणाच्या सुमारास ते शृंगेरीचे शंकराचार्य आणि जैन मुनी सुशीलकुमार यांच्या भेटीला गेले. यावरही काहींनी नाके मुरडली. दगडगोटे आणि जीवाश्म जमवायचे, गुलाब लावायचे, हा छंद राष्ट्रपती भवनातही सुटला नाही. ३ मे १९६९ रोजी तिथेच त्यांचा इंतकाल झाला. पदावर असताना निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती. दफन जामियात झाले, ज्या शाळेला त्यांनी आपली उमेद दिली तिच्या शेजारी.

आपण काय घ्यायचे?

त्यांचे आयुष्य वाचून आम्हा शिक्षकांच्या हाती काही ठोस लागायला हवे. नाहीतर जयंतीला हार घालून मोकळे होण्यासारखे होईल.

पहिली गोष्ट, मुलाला त्याचे स्वतःचे मिळू द्या. वर्गात उर्दू बोलणाऱ्या मुलाला नीट मराठी बोल म्हणून दटावले तर ते मराठीवर प्रेम करायला शिकत नाही, गप्प बसायला शिकते. त्याला त्याच्या घरचा शब्द फळ्यावर लिहू द्या, शेजारी मराठी शब्द लिहा, तांड्यावरच्या मुलाला त्याचा शब्द विचारा. पाण्याला, भाकरीला, आईला किती शब्द आहेत याची वही वर्गात ठेवली की दोन महिन्यांत ती भरते. आम्ही हे करून पाहिले आहे. ज्या मुलाचा शब्द वहीत जातो, ते दुसऱ्या दिवशी आजीकडून आणखी चार घेऊन येते.

दुसरी गोष्ट, एकत्र काम द्या. एकात्मतेच्या भाषणाने सात वर्षांच्या मुलाला झोप येते. दुकान, बाग, बँक यांत ते रंगते. कोथिंबिरीला पाणी घालायची पाळी आयेशा आणि वैष्णवीची एकत्र लागली की पुढचे त्या दोघी बघतात.

तिसरी गोष्ट, सण. दिवाळीला आकाशकंदील आणि ईदला शीरखुर्मा, एवढ्यावर आपले काम संपते असे आपण मानतो. तसे नाही. रमजानमध्ये डबा न आणणाऱ्या मुलाला मधल्या सुट्टीत कुठे बसवायचे, उपवासाच्या दिवशी कोणाची थट्टा होत नाही ना, हे पाहणे जास्त महत्त्वाचे. आणि पालकांनाही सांगायचे की दुसऱ्याच्या सणाची माहिती घेतल्याने कोणाचा ईमान कमी होत नाही. इबादत ज्याची त्याची, माहिती आणि माया सगळ्यांची.

चौथी गोष्ट आपल्या उर्दू शाळांसाठी. आपले मूल एका वहीत उजवीकडून डावीकडे लिहिते आणि दुसऱ्या वहीत डावीकडून उजवीकडे. हे ओझे नाही, दौलत आहे. पण जवळच्या मराठी शाळेतल्या मुलांना आपली शाळा आतून कशी दिसते हे ठाऊक नसते, आणि आपल्या मुलांना त्यांची. दोन शाळांमध्ये कधी कधी एक भिंतच असते. वर्षातून दोनदा त्यांनी आपल्याकडे यावे, दोनदा आपण जावे. सोबत खेळावे, एकमेकांची नावे एकमेकांच्या लिपीत लिहून न्यावीत. याला सरकारी निधी लागत नाही. दोन मुख्याध्यापकांनी चहा घेत ठरवले तरी पुरे.

आणि ज्या शाळेत सगळी मुले एकाच समाजाची आहेत, तिथे एखादी आपाजान शोधायला हवी. शेजारच्या वस्तीतली परिचारिका, निवृत्त गुरुजी, चर्चमधल्या सिस्टर, कोणीही. मुलांमध्ये आठवड्यातून एक तास बसणारे, त्यांची नावे लक्षात ठेवणारे माणूस. जामियात अशी माणसे होती, म्हणून १९४७ मध्ये चहूकडे आग असताना तिथल्या मुलांच्या मनात सगळेच दुसरे लोक शत्रू झाले नाहीत.

दिल्लीला कधी गेलात तर ओखल्याला जरूर जा. झाकिर साहेबांच्या मजारीवर फातेहा पढा, आणि मग कब्रस्तानात गेर्डाबाईंच्या कबरीपाशीही दोन मिनिटे थांबा. मुले सोबत असतील तर या बाई कोण होत्या हे ती विचारतीलच. सांगायला वेळ काढा.